ड्रायव्हरकाकांचं मुक्कामाचं गाव

घाट सायकलवर चढायचा आणि पायी उतरायचा, असा माणूस मी एकच पाहिला. चढावर आम्ही सगळे घामाघूम होऊन सायकली ढकलत असायचो आणि ड्रायव्हरकाका सीटवर ताठ बसून, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, आमच्या शेजारून वर जायचे. माथ्यावर थोडं टेकलं की आम्ही सुसाट खाली सुटायचो. काका मात्र उतरून, हँडल धरून, बैल पाण्यावर न्यावा तसे निवांत चालत निघायचे. खाली टपरीवर आमचा दुसरा चहा चालू असताना ते येऊन पोचायचे.

"काका, फुकटचा उतार सोडता होय?" कोणीतरी दर रविवारी विचारायचंच.

"पगार घेऊन लय उतरलोय. आता फुकटात कोण उतरतंय?"

काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे सिन्नरकडचे. मी नाशकात पंप आणि पाइपांचं दुकान चालवते. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून मुलाची धूळ खात पडलेली सायकल पुसून घेतली आणि रविवारच्या एका ग्रुपात शिरले. त्या ग्रुपात सगळ्यांच्या सायकली महाग आणि सगळ्यांचे कपडे पोपटी. काकांची सायकल साधी होती आणि अंगात खाकी शर्ट. "चांगला हाय अजून, टाकायचा कशाला?" म्हणायचे.

नोकरी सुटली तरी गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. निघताना घंटी दोनदा वाजवायचे. प्रत्येक फाट्यावर एक पाय टेकून मागं वळून बघायचे. ग्रुपची निघायची वेळ झाली की कोणाचीही वाट न बघता पॅडल मारायचे. पण कोणी लांबून धावताना दिसलं तर लगेच ब्रेक. त्यांचा नियमच होता: "चालत येणाऱ्यासाठी थांबायचं नाय. पळत येणाऱ्यासाठी थांबायचं." मी तो नियम दुकानात गिऱ्हाइकांना लावला आहे. शटर ओढताना फार उपयोगी पडतो.

उताराचं खरं कारण मी त्यांना सरळच विचारलं. माझ्यात आडून विचारायची कला नाही. त्यांनीही तितक्याच सरळ सांगितलं, "काचबिंदू. कडंचं दिसत नाय. नळीतनं बघितल्यावानी समोरचं तेवढं दिसतं, आन् नळी बारीक व्हत चाललीय. चढाला दगड आधी दिसतो, मग चाक पोचतं. उताराला चाक आधी पोचतं."

मी हळहळ व्यक्त केली नाही; त्यांना ती चालली नसती. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालवायला लागले. समोरचा रस्ता त्यांचा, उजवीकडची वाहनं माझी, अशी वाटणी. त्यांच्या घरी काकूंनी माझी रीतसर मुलाखत घेतली. "तुम्ही गप्पा मारत चालवता का?" मी म्हटलं, नाही. "मग न्या," काकू म्हणाल्या.

पुढे एकदा गंगापूर धरणाच्या बाजूला सायकली टेकवून बसलो होतो, तेव्हा काकांनी त्यांच्या मनातलं सांगितलं. सुरगाण्याच्या पुढे डोंगरात एक लहान गाव आहे. तिथं त्यांनी कित्येक वर्षं मुक्कामी गाडी नेली. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात पोचणारी शेवटची एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून निघते. गावातलं कोणीतरी भाकरी देतं, कोणीतरी अंथरूण.

"अंधार पडल्यावर पोचायचो, अंधार असतानाच निघायचो," काका म्हणाले. "घरापेक्षा जास्त त्या गावात झोपलो असंल. पण ताई, दिवसा ते गाव मी कधी पाह्यलंच नाय. दिसतंय तोवर एकदा बघायचंय. सायकलवर. जीपमध्ये बसलो तर ड्रायव्हरच्या पायाकडंच लक्ष जातं माझं."

काकांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला, आता सायकल पुरे, असं सांगायची तयारी केलीच होती. म्हणून मी भाद्रपद संपायची वाट बघितली नाही. पावसानं जरा उघडीप दिली तशी सायकली जीपच्या टपावर बांधून आम्ही सुरगाण्याला गेलो. तिथं माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी उतरलो आणि सकाळी निघालो.

रस्ता चढाचाच होता, म्हणजे काकांच्या सोयीचा. वाहन जवळजवळ नाहीच. दोन्ही अंगांना उताराची शेतं, भात, नागली म्हणजे नाचणी, मधूनच खुरासणीचा पिवळा पट्टा. काका प्रत्येक वळणाआधीच मला सांगत होते, "आता डावीकडं वळंल, मग मोरी, मग आंबा." वळण येई, मोरी येई, आंबाही येई. "आंबा मात्र मला एवढाच ठाऊक होता," असं म्हणून त्यांनी हात खोडाच्या उंचीला धरला. गाडीच्या दिव्यांचा उजेड तेवढ्यापर्यंतच जायचा.

गावात शिरलो आणि काका गोंधळले. जिथं गाडी लावायचे ती मोकळी जागा सापडेना. शेवटी एका पडवीत नागली पाखडत बसलेल्या म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, मुक्कामी गाडी कुठं लागायची हो?"

म्हातारीचं सूप थांबलं. "आवाज वळखीचा हाय. कोण रं तू?"

"ड्रायव्हर. खाकीवाला. तुमच्याकडची भाकरी लय खाल्ली."

म्हातारी उठून जवळ आली आणि त्यांना खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "तू एवढा बुटका? गाडीत बसल्यावर केवढा वाटायचास!"

तिनंही त्यांना दिवसा कधी पाहिलं नव्हतं.

मग ती आम्हाला घराच्या मागं घेऊन गेली. मोकळी जागा तिथंच होती. एका बाजूला चुना फासलेले मोठे दगड ओळीनं मांडलेले होते. काका खुशीत आले. "हेच ते दगड! इथंच मी गाडी मागं घेऊन फिरवायचो. मास्तर मागं उभं राहून शिट्टी मारायचे." मास्तर म्हणजे त्यांचे कंडक्टर. काका दगडांपर्यंत गेले आणि त्यांच्या पलीकडे बघायला वाकले. मी त्यांचा शर्ट मागून घट्ट पकडला.

पलीकडे काहीच नव्हतं. म्हणजे सरळ दरी होती. खाली पार तळाला नदीची रेघ, आणि समोर गुजरातच्या बाजूला एकामागे एक डोंगर.

"आजी, ही दरी कधी झाली?"

"ती काय आता व्हणार? पयल्यापासनं हाय."

"मास्तर तर म्हणायचे, मागं जरा खोलगट हाय!"

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आमीच सांगितलं हुतं मास्तरला, ड्रायव्हरला बोलू नको म्हणून. आधीचा ड्रायव्हर दिवसा आला, दरी पायली, आन् दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी फाट्यावरनंच फिरवली. मग आमी बाजारला कसं जावं? तू आलास तवा गावानं मिळून दगड लावले. तुला लय खाऊ घातलं, ते काय उगाच?"

काका मटकन एका पांढऱ्या दगडावर बसले. मला वाटलं चिडले. पण त्यांचे खांदे हलत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत म्हणाले, "ताई, ह्याच्या काठावर मी रोज ढाराढूर झोपलो! आन् मास्तर घरी गेल्यावर पण बोलले नाय, रिटायर झाल्यावर पण नाय!"

मग ते तिथंच बसून राहिले. त्यांच्या नळीत दरी एकदम मावत नव्हती, म्हणून मान हळूहळू फिरवत एकेक तुकडा बघत होते. नदीचा तुकडा, झाडीचा तुकडा, पलीकडच्या डोंगरावरची चार घरं. म्हातारीनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून दिला, तो मी खाल्ला. काकांची भाकरी तशीच गार झाली. ऊन डोक्यावर आल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चला. गाडीची वेळ झाली."

परतीचा सगळा उतार आम्ही दोघं चालत आलो. माझी त्या दिवशी काही तक्रार नव्हती.

घरी काकूंनी दारातच विचारलं, "दिसलं का गाव?"

"दिसलं. आता लाइट गेली तरी चालंल."

"चालंल काय! सकाळचे थेंब घालायचे राहिलेत, ते आधी घाला," काकू म्हणाल्या आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

लाइट तशी बरीचशी गेली आहे. आता काकांना उजेड-अंधार कळतो, माणूस समोर उभा आहे एवढं कळतं. सायकल त्यांनी दूध घालणाऱ्याला देऊन टाकली. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते आणि सकाळी कुठं जाऊन आले ते सांगते. सुरुवातीला मी किलोमीटर सांगायचे, तेव्हा ते वैतागायचे. "ते पाटीवर लिहिलेलं असतं. काय दिसलं ते सांगा."

गेल्या रविवारी मी पेठच्या बाजूला गेले होते. नागली पिकायला आली आहे, असं सांगितलं.

"कुठल्या रंगाला आली?"

"तपकिरी."

"तपकिरी तर मातीपण असती. चहासारखी का गुळासारखी?"

मी आठवून बघितलं. आठवेना. त्या वेळी मी पुढच्या चाकातली हवा बघत होते. तसं त्यांना सांगितलं.

"मग?" काका म्हणाले.

मग काय, येत्या रविवारी पुन्हा पेठ.