त्यालेच विचारू ना

“मले काहून विचारता? त्यालेच विचारू ना,” असं म्हणून ते टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हनुवटीने दाखवायचे. मनीषनगरात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मी तिथे झाडपूस करायची आणि दुपारपर्यंत दुकानात थांबायची. त्यांना मी भाऊ म्हणायची.

विचारायचं म्हणजे पेन ड्राइव्ह लावायचा. त्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. मशीनच्या आत काय बसवलंय, त्याची तब्येत कशी आहे, सगळं पडद्यावर यायचं. बुटीबोरीच्या कारखान्यातला एक माणूस पोरीसाठी जुना लॅपटॉप घेऊन आला. विकणाऱ्याने रॅम आठ जीबी सांगितली होती, निघाली चार.

“पण स्टिकरवर आठ लिहून हाय ना, भाऊ!”

“स्टिकर मी सोळाचं लावून देतो. पाहिजे काय?”

माणूस हसला, मग त्याचा चेहरा पडला. भाऊंनी ड्रॉवर उचकला, एक जुनी रॅम शोधली आणि बसवून दिली.

ते सॉफ्टवेअर माझ्या सांगण्यावरून निवडलं होतं. हसू नका. भाऊंनी फुकटची चार-पाच उतरवून घेतली होती. त्यातलं एक पंधरा दिवसांनी पैसे मागायला लागलं. एकाने सोबत जाहिराती आणल्या. एकात नुसते आकडेच आकडे. शेवटच्यात डिस्कच्या नावाजवळ रंगाचा चौकोन दिसायचा.

“काय समजलं वं तुले?”

“निळं हाय.”

“निळं म्हणजे चांगलं. पिवळं म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे आजच्या आज सगळं दुसरीकडे उतरवा. तुले समजलं, मंग गिऱ्हाइकाले समजते. हेच ठेवू.”

मी चौथी शिकलेली. माझ्या समजण्यावर कोणी काही ठरवलं, असं तोवर झालं नव्हतं.

कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा जुना कॉम्प्युटर होता. त्यात वहिनींचा व्हिडिओ होता. वहिनी वारल्या होत्या. व्हिडिओ कोराडीच्या जुन्या क्वार्टरच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालतानाचा, अर्ध्या मिनिटाचा. भाऊ रोज डबा खाताना तो लावायचे. वहिनी हाताने तोंड झाकून काहीतरी म्हणायच्या आणि संपायचा. मी तिकडे पाठ करून बसायची, पण ऐकू यायचंच.

त्या कॉम्प्युटरला मात्र ते कधी विचारत नसत. “दुसरीकडे उतरवून ठेवा ना, भाऊ,” मी एकदाच म्हटलं.

“उद्या करतो,” म्हणाले.

एका मंगळवारी व्हिडिओ मधेच अडकला. वहिनींचा हात तोंडापर्यंत पोचलाच नाही. “धूळ बसली असंन,” म्हणून भाऊ चहा सांगायला गेले. मी पेन ड्राइव्ह लावला, त्यांनी शिकवलं होतं तसाच.

लाल.

मी तो घाईने काढून घेतला. भाऊ आले, त्यांच्यामागे गिऱ्हाईक आलं. मी फडकं घेऊन उभी होते. झाडपूस करणारीने मिस्त्रीला काय सांगावं? उद्या सांगू, असं मीही म्हटलं. बुधवारी तोंडाशी आलं आणि गिळलं. गुरुवारीही.

शनिवारी ते मशीन सुरूच झालं नाही. भाऊ त्याच्या डब्यावर हात ठेवून बसले.

“त्याले विचारलं असतं तर...”

“मी विचारलं होतं, भाऊ. लाल होतं.”

“कधी?”

“मंगळवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. “म्हणजे वेळ होता,” म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, “तुह्यावर नाही बोलून राहिलो वं. मलेच भेव वाटे त्याले विचाराचं.”

डिस्क शहरातल्या मोठ्या दुकानात देऊन आले. तिथूनही ती काहीच न निघता परत आली.

नंतर ते दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाले. सामान टेम्पोत चढल्यावर पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. “तुले वाचता येते त्याचं.” मग रिकाम्या कोपऱ्याकडे बघत विचारलं, “व्हिडिओत ती काय म्हणे वं शेवटी? तू तं रोज ऐकत होती. मह्या डोक्यात सारं मागंपुढं होऊन राहिलं.”

मला अक्षर न् अक्षर येत होतं. पण टेम्पोवाला उभा होता, शेजारचे उभे होते. मी पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधत राहिले. भाऊंनी मान हलवली आणि टेम्पोत पुढे बसले.

दुकानाच्या जागी आता दुसरं दुकान आहे. भाऊंचा फोन लागत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. वहिनी म्हणायच्या, “राहू द्या ना जी, केस नाही विंचरले मी. उद्या काढा.”