अकरा राजे, दोन चंद्र आणि एक खाडी

मी ठाण्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते. त्यामुळे माझ्या जगाचा भूगोल चुकलेला असेल, ही शंका माझ्या मनाला शिवलीच नव्हती.

ते जग मी आठ महिने खपून तयार केलेलं, टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळासाठी. या खेळात एकाने जग रचायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक पात्र व्हायचं. कुणी म्हटलं, "मी दार तोडतो", की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर दार तुटतं, नाहीतर खांदा सुजतो. आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी वर्तकनगरला, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या हॉलमध्ये जमायचो.

माझ्या जगात अकरा राज्यं होती. प्रत्येकाची वंशावळ, निशाण, देव, भांडणं. तीन जाड वह्या भरलेल्या. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर बेटांचा नकाशा रंगवलेला. आकाशात चंद्र दोन, कारण एक फारच साधा वाटला. पहिल्या रविवारी मी तो नकाशा टेबलावर पसरला तेव्हा सगळे उभं राहून बघत होते, आणि मला अगदी कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी एक नवा खेळाडू आलेला. माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसमधला इंजिनीअर, बाळकुमच्या कोळी घरातला. त्याने पात्र घेतलं तांडेलाचं, म्हणजे होडीच्या प्रमुखाचं. बंदरावर पोचल्या पोचल्या त्याने विचारलं, "आत्ता पाणी कसंय? भरती की ओहोटी?"

"भरती," मी म्हटलं. बंदर भरलेलं छान दिसतं.

गोष्टीत संध्याकाळ झाली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा भरती म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही भरतीच.

तो खुर्चीत मागे टेकला. "अगं, चंद्र दोन ठेवलेस, आणि ओहोटी एकही नाही?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झालेले. आदल्याच आठवड्यात मी वर्गात भरती-ओहोटीची आकृती काढली होती. चंद्र, पृथ्वी, बाण, सगळं. दहा गुणांचा प्रश्न. आणि माझ्याच समुद्राला मी तो लावला नव्हता.

निघताना मी त्याला गाठलं. "तुला हे सगळं येतं कसं?"

"मला कुठे येतं? आईला येतं. ये घरी."

त्याचं घर उंच टॉवरांच्या मधल्या जुन्या आळीत. आई सत्तरीच्या. तरुणपणी त्या खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जायच्या, मग बाजारात विकायला बसायच्या. मी जमिनीवर नकाशा पसरला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"आज तिथ कोनची?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी न बघता सांगितलं, "चौथ. चार पाऊण तीन. तीन वाजता पानी भरंल. खारीन आत याला थोरा उशीर."

तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते; खाडीत आत पाणी पोचायला थोडा वेळ जास्त. इतकं सोपं गणित मला पंधरा वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. पुनवेला-अवसेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, ते भांग. मी भराभर लिहून घेत होते.

मग त्यांनी नकाशावरच्या निशाणांवरून बोट फिरवलं. "हे कोन?"

"हे राजे आहेत, मावशी. अकरा आहेत."

"अकरा राजं, नि मासली इकनारी एक पन नाय? मंग जेवतात काय?"

घरी येऊन मी तिसरी वही फाडली. सहा राज्यं गेली, एक चंद्र गेला. बंदर पुन्हा काढलं, दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या चिखलासकट. खाडीत वाट दाखवणाऱ्या खुणेच्या काठ्या रोवल्या. मासळीबाजार आला, आणि बाजार उठण्याची वेळ पाण्यावर ठरली. प्रत्येक दिवसाला तिथी दिली. कामाला दीड महिना लागला, आणि यावेळी मला एकदाही वाटलं नाही की मी शोभेचं काही करतेय.

पावसाळ्यानंतर आम्ही गोष्टीतल्या मोठ्या लढाईपाशी पोचलो. शत्रूची वीस जहाजं बंदरावर येणार होती. तीन रविवार पुरेल एवढा वेढा मी तयार ठेवलेला. सुरुंग, फितुरी, उपासमार.

"जहाजं येतात त्या दिवशी तिथी कोणती?" तांडेलाने विचारलं.

मी वही पाहिली. "वद्य द्वितीया."

"दोन पाऊण दीड," माझी मैत्रीण पटकन म्हणाली. ती गोष्टीत पुजारीण होती, आणि हा पाढा तिला कुणी शिकवला, मला ठाऊक नाही.

तांडेल पुढे सरकला. "उधाणाचं पाणी आहे. आम्ही लढत नाही. रात्रीतून खुणेच्या काठ्या उपटतो आणि चिखलाच्या बाजूला रोवतो. दुपारी दीड वाजता त्यांना आत येऊ दे."

जहाजं आत आली, पाणी उतरलं, वीसच्या वीस चिखलात बसली. दुसऱ्या दिवशीची भरती आदल्या दिवसाएवढी चढली नाही, तिसऱ्या दिवशीची त्याहून कमी. अवसेपर्यंत ती हलणार नव्हती. फासा टाकायला मी कारण शोधत राहिले, आणि सापडलं नाही. माझा तीन रविवारांचा वेढा पंधरा मिनिटांत संपला.

"चिडलीस?" मैत्रिणीने विचारलं.

चिडले नव्हते. मी न सांगितलेली गोष्ट त्यांनी माझ्या जगातून शोधून काढली होती, आणि ती बरोबर होती. आपलं काम चांगलं झालंय हे कळायला मला दुसऱ्या कुणाची पावती नको होती.

पुढच्या महिन्यात तांडेल आईला घेऊन आला. "तिला बघायचंय, आम्ही काय करतो ते." मावशी बघत बसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, या खेळात मासळीवाली मी होणार. गोष्टीतल्या राजाचा कारभारी, म्हणजे मी (उरलेली सगळी पात्रं गेममास्टरचीच), वाड्यासाठी सुरमई मागायला गेला.

"भाव टिकवायचा असेल तर फासा टाका," मी नियम समजावला.

त्यांनी फासा उचलून बाजूला ठेवला. "मासली इकाला फासा कशाला गो?" आणि त्या सुरू झाल्या. सुरमई केवढी ताजी, गिऱ्हाइकं किती थांबलीत, राजाने आजवर कोळीवाड्यासाठी काय केलं, कारभाऱ्याचं तोंड कसं सुकलंय. दहा मिनिटांनी मी सुरमई त्यांच्या भावाने घेतली, वर कोळीवाड्याला राजाकडून होड्या लावायला नवा धक्का कबूल केला. पुढच्या आठवडाभरात तो धक्का मला नकाशावर काढावा लागला.