मांडीवर ठेवायचा नाही असा लॅपटॉप

आदिनाथ बोऱ्हाडेला स्वतःच्याच पायांची भीती बसली ती संक्रांतीनंतरच्या एका दुपारी. त्याआधी पायांचं दुःख होतं, रागही होता. भीती नव्हती.

तो मूळचा मोशीचाच. घरची शेती इमारतींखाली गेली आणि तो चाकणच्या एका टूलरूममध्ये लागला. पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवायचे जे साचे असतात, त्यांची ड्रॉइंग काढायचं त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी तळेगाव रस्त्यावर एका कंटेनरने त्याच्या मोटारसायकलला हूल दिली. मणक्याला मार बसला आणि कमरेखालची सगळी जाणीव गेली. नोकरी मात्र टिकली, कारण टूलरूममधला त्याचा जोडीदार शेखर मालकाच्या मागेच लागला. "ड्रॉइंगला पाय कशाला लागतात, साहेब?" तेव्हापासून आदिनाथ पलंगावर पाठीशी लोड घेऊन बसायचा, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि काम करायचा. हा लॅपटॉप नवा होता, नावाजलेल्या कंपनीचा. खोक्यावरच्या चित्रात एक मुलगी तो मांडीवर घेऊन हिरवळीवर बसलेली होती.

त्या दुपारी जयमाला, त्याची बायको, वाळलेले कपडे घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"अहो, काहीतरी जळतंय."

"कुकर बघ."

"कुकर लावलाच नाही अजून."

मग त्यालाही वास आला. जळक्या केसांसारखा. त्याने भिंतीवरचा प्लग पाहिला, वायर चाचपली. शेवटी लॅपटॉप उचलला, तर बोटांना असा चटका बसला की तो हातातून गादीवर पडला. पडद्यावरचं ड्रॉइंग एकदा थरथरलं आणि विझलं. उजव्या मांडीवर पँटचं कापड वितळून कातडीला चिकटलं होतं. कडेची कातडी पांढरीफटक पडली होती.

दुखत काहीच नव्हतं. तो बघत राहिला, जणू शेजारी कुणी दुसराच झोपलाय आणि त्याचा पाय जळालाय. मग त्याने जयमालाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा तो घाबरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ केली. "खोल भाजलंय. अशा पायाला रक्तपुरवठा कमी असतो, भरायला वेळ लागेल. ताप आला, वास यायला लागला, तर ताबडतोब या. जंतू आत गेले तर पाय काढायची वेळ येऊ शकते."

घरी भेटायला आलेल्या रंगरावकाकांनी समजूत घातली, "तसं बी त्या पायाला कळतंय कुठं? देवानं त्रास तरी वाचवला म्हणायचा."

आदिनाथची आई गवराबाई चहा द्यायला आली होती. ती कप हातातच धरून म्हणाली, "कळत न्हाई म्हणून काय झालं? पाय त्याचाच हाय न्हवं? जळू द्यायचा व्हय?"

काकांनी विषय बदलला. पण आदिनाथच्या डोक्यातून ते जाईना. आपलं अर्धं अंग आपल्याशी बोलत नाही हे त्याने स्वीकारलं होतं. ते जळत असतानाही बोलणार नाही, हे मात्र त्याने कधी मनात आणलं नव्हतं. आता जरा वेळ गेला की तो पांघरूण बाजूला करून पाय बघायचा. गरम चहाचा कप पलंगाजवळ ठेवू द्यायचा नाही. उन्हाची तिरीप गादीवर आली तरी हाक मारायचा, "जयू, पडदा ओढ." ती लगेच ओढायची. तिलाही भीती वाटत होती. पट्टी बदलताना ती आधी जखमेचा वास घ्यायची, ते त्याने पाहिलं होतं.

लॅपटॉप सुरू होत नव्हता. शेखर तो चिंचवडच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला आणि काउंटरवरून त्याने व्हिडिओ कॉल लावला. काउंटरवरची मुलगी सौजन्याने बोलत होती. आतला मुख्य बोर्ड जळालाय, तो अख्खा बदलावा लागेल. खर्च जवळजवळ नव्या लॅपटॉपइतका येईल.

"वॉरंटी आहे की," आदिनाथ म्हणाला.

"वॉरंटीत बसत नाही, सर. खालच्या जाळ्या कपड्याने बंद झाल्या, त्यामुळे मशीन तापलं. ते कडक, सपाट जागेवरच वापरायचं असतं."

"मांडीवर नाही?"

"नाही, सर."

"मग त्याचं नाव काय आहे?"

मुलगी जराशी अडखळली. "सर, कंपनी त्याला नोटबुक म्हणते."

शेखर हसला, पण ते हसू लगेच विझलं. "भावा, ही काय म्हणतेय ऐकलंस ना?" आदिनाथने ऐकलं होतं. एवढं तापल्यावर मशीन आपोआप बंद व्हायला हवं होतं, तशी सोय असल्याचं कंपनीने माहितीपत्रकात छापलंही होतं. ते बंद का झालं नाही? या प्रश्नावर मुलीने फक्त वरिष्ठांना कळवते म्हटलं.

शेखरने त्याला ग्राहक आयोगात तक्रार करायला लावलं. नोटीस गेली आणि काही दिवसांतच आदिनाथला कंपनीतून फोन आला. माणूस फार गोड बोलत होता. तब्येत विचारली, आईची चौकशी केली. मग म्हणाला, "तक्रार मागे घेतलीत तर नवीन मशीन घरपोच पाठवतो. अशा केसेसमध्ये आम्ही देतोच."

फोन स्पीकरवर होता. शेखर आणि जयमाला दोघंही ऐकत होते.

"अशा म्हणजे?" आदिनाथने विचारलं. "अजून कुणाला भाजलंय का?"

तो माणूस म्हणाला, "सर, तुम्ही विचार करून सांगा," आणि त्याने फोन ठेवला.

इतके दिवस आदिनाथला वाटत होतं, आपल्याच नशिबी खराब मशीन आलं. आता कुठेतरी आणखी मांड्या, आणखी गाद्या त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या.

त्याने होकार दिलेला नसतानाही दोन दिवसांनी खोकं दारात आलं. तेच मॉडेल. हिरवळीवरची तीच मुलगी. आदिनाथने कंपनीच्या माणसाला फोन लावून विचारलं, "यात काही बदल केलाय का?"

"एकदम नवं आहे, सर."

"ते नाही विचारलं. तापण्याचं काही दुरुस्त केलंय का?"

त्या माणसाने पुन्हा तेच सांगितलं. खोकं कपाटावर राहिलं. काम अडलं होतं, मालक रोज विचारत होता. जयमालाने नुसता हात वर केला असता तर खोकं खाली आलं असतं. पण ते घरात असताना त्याला झोप लागेना. शेवटी तोच जयमालाला म्हणाला, "परत पाठव. मला ते घरात नको." ती जणू वाटच बघत होती. तिने त्याच दिवशी ते परत केलं.

सुनावणीला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा त्याची खरी गाळण उडाली. अपघातानंतर दवाखाना सोडून तो कुठेच गेला नव्हता. लघवीची पिशवी लोकांसमोर गळली तर? गाडीच्या धक्क्यांनी जखम उलली तर? सकाळी त्याने शेखरला सांगून टाकलं, "रद्द कर राव. मला नाही जमणार."

शेखर म्हणाला, "ठीक आहे. मी खाली गाडीत बसतो. वाटलं तर ये." आणि खरंच जाऊन बसला. आदिनाथ बराच वेळ छताकडे बघत पडला. मग त्याने जयमालाला व्हीलचेअर आणायला सांगितलं.

आयोगासमोर कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले, "तक्रारदाराने स्वतःच्या अवस्थेचं भान ठेवायला हवं होतं. सर्वसाधारण माणसाने चटका बसताच मशीन बाजूला केलं असतं."

मग आदिनाथला बोलायला सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीची चाकं घट्ट धरली. "वकीलसाहेब बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "त्यांना कळलं असतं. मला कळत नाही. म्हणून मशीनला कळायला हवं होतं. तसं कळतं असं यांनीच छापलंय. खोक्यावर मांडीवरचं चित्रही यांनीच छापलंय." पुढचं बरंच त्याने ठरवून आणलं होतं, पण ते आठवेना. तो एवढंच म्हणाला, "मला भीती वाटते, साहेब. अजूनही."

आयोगाने कंपनीकडून त्या मॉडेलच्या इतर तक्रारी मागवल्या. निघाल्या. कुणाची चादर करपली होती, एका बाईंची पोटरी भाजली होती. सगळ्यांना मशीन बदलून देऊन गप्प केलेलं. निकाल आदिनाथच्या बाजूने लागला. लॅपटॉपची किंमत आणि उपचारांचा खर्च द्यायचा हुकूम झाला. कंपनीने वर अपील केलं. ते अजून चालू आहे. माफी कुणी मागितली नाही. मांडीवर दुसरीकडची कातडी लावावी लागली, पाय वाचला. आता टूलरूममधला जुना कॉम्प्युटर पलंगाशेजारी टेबलावर असतो आणि आदिनाथ मान वाकडी करून काम करतो.

निकालाची बातमी पेपरात छापून आली त्या संध्याकाळी भोसरीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. नंबर आदिनाथच्या वकिलांकडून मिळवला होता. म्हणाला, "दादा, आमच्या मुलीकडे तोच लॅपटॉप आहे. अभ्यास करता करता झोपलीये. चालूच आहे, पांघरुणावर. काही होत नाही ना?"

"उचला," आदिनाथ म्हणाला. "आत्ता. फोन ठेवू नका."

पलीकडे चप्पल घासल्याचा आवाज आला, दार करकरलं, मग काहीच नाही. आदिनाथ फोन कानाला दाबून बसला. जयमाला स्वयंपाकघरातून बघत होती; त्याने तिला हातानेच थांब म्हणून खुणावलं.

"दादा," शेवटी आवाज आला. माणसाला धाप लागली होती. "उचलला. भलताच तापला होता हो. पोरगी बरी आहे. हात लावून पाहिलं."