तीन उंटांचं अंतर

"बोर्ड उलटा धरलाय बघ तिने," माझ्या मागे उभा असलेला एक टॅक्सीवाला दुसऱ्याला म्हणाला. "पाव्हणा काय डोक्यावर उभा राहून वाचणार?"

मी मागे न बघता बोर्ड सुलटा केला. सकाळचे साडेदहा वाजले होते, मस्कतचं विमान उतरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हायवेवरून एकटीने गाडी चालवत मी नेरूळहून विमानतळावर आले होते. ज्यांच्यासाठी आले होते त्यांना याची काहीच कल्पना नव्हती.

आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी विमानतळावर जितक्या माणसांचं स्वागत केलंय तितकं कुठल्या मंत्र्यानेही केलं नसेल. मूळचे साताऱ्याकडचे काका सव्वीस वर्षं मस्कतला एका कंपनीत ड्रायव्हर होते. येणाऱ्याला विमानतळावरून घ्यायचं आणि हायवेने सुखरूप मुक्कामी पोचवायचं, हे त्यांचं काम. वर्षातून एक महिना सुट्टीवर नेरूळला यायचे, तेव्हाही ते सुटायचं नाही. सोसायटीत कुणाचा जावई किंवा कुणाची नणंद परदेशातून येणार असली की काका माझ्या बाबांची जुनी गाडी मागून घ्यायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बोर्ड घेऊन निघायचे. ओळखीच्या माणसालाही बोर्ड. काकी एकदाच मस्कतला गेल्या होत्या, तेव्हा काका त्यांच्याही नावाचा बोर्ड धरून उभे. "मी म्हटलं, वळखंना झाला का काय मला ह्यो मानूस!" काकी अजून सांगतात. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "आपलं नाव लिवल्यालं दिसलं की निम्मा शीण जातो. बायकोला काय शीण येत न्हाई?"

पाहुण्याला गाडीत बसवलं की समोरच्या कप्प्यातून गार पाण्याची बाटली निघायची. मग पासपोर्ट. "हाय का? हात लावून दाखवा." माझ्या आत्याने नुसती मान हलवली तर काकांनी गाडी सुरूच केली नाही. वेगाचं तर विचारूच नका. तिकडच्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या की टुंग टुंग वाजतात. इथे तशी सोय नाही म्हणून काका ते तोंडाने करायचे. एकदा सीवूड्सला जाताना रिक्षावाल्याने जोर केला, तर मागच्या सीटवरून टुंग टुंग सुरू झालं. रिक्षावाल्याने बाजूला थांबून मीटर तपासलं, हँडल हलवून पाहिलं, शेवटी उतरून चाकसुद्धा बघितलं. काका समाधानाने गप्प.

पण त्यांची एक गोष्ट सगळी सोसायटी न बोलता सांभाळायची. मस्कतच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे सुट्टीवर आल्यावर पहिले चार दिवस काका रुबाबात डाव्या दाराने आत बसायचे, हात पुढे करायचे, आणि पुढे काहीच नसायचं. मग ते कप्पा उघडून काहीतरी शोधल्यासारखं करायचे आणि निवांत उतरून पलीकडे जायचे. वॉचमनसुद्धा तेवढा वेळ आकाशाकडे बघायचा.

मला गाडी शिकवली ती त्यांनीच, सुट्टीतल्या पहाटे, पाम बीच रोडवर. मी फारशी बोलत नाही. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. दोघांच्या वाटचं ते बोलायचे. "म्होरल्या गाडीनं खांब मागं टाकला की मोजायचं, सेकंदाला एक. एक उंट, दोन उंट, तीन उंट. मग आपण खांबापाशी. त्याच्या आत पोचलीस तर तू लय जवळ हायस." नेरूळमध्ये तीन उंटांच्या जागेत दोन रिक्षा आणि एक टेम्पो घुसायचा. काका न चिडता पुन्हा एकपासून सुरू करायचे. वाशी गाठायला आम्हाला पाऊण तास लागायचा.

मागच्या वर्षी बेलापूरच्या ऑफिसने मला ट्रेनिंगसाठी आठ दिवस मस्कतला पाठवलं. बाहेर आले तर माझ्या नावाचा बोर्ड घेऊन काका उभे, आणि वर पूर्ण नावाने अशी हाक की अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी लाजून अर्धी झाले. "नुसता बोर्ड धरून भागत न्हाई," ते म्हणाले. "मानूस दमल्यालं असतं. हाक मारायची."

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला निझवा शहराकडच्या हायवेने नेलं. दोन्हीकडे उघडे डोंगर, रस्ता सरळ, आणि त्या रिकाम्या रस्त्यावरही काकांचे उंट चालूच. एका ठिकाणी खरे तीन उंट रस्ता ओलांडत होते. काकांनी गाडी थांबवून तेही मोजले.

मी मोठ्या धीराने विचारलं, "काका, मुंबईला तुम्हाला घ्यायला कोण येतं?"

"मला?" ते हसले. "मला कोन येनार? मला रस्ता म्हाईत हाय की."

पुढचा बराच वेळ त्यांनी उंट मोजले नाहीत.

गेल्या महिन्यात कंपनीने आता पुरे म्हणून सांगितलं. काकी मला जिन्यात भेटल्या. "कायमचे येत्यात. फोनवर म्हनत हुते, आता कुनाला आनू आन् कुनाला सोडू? म्या तितं यिऊन करू काय?" त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मी म्हटलं, मी जाते घ्यायला. काकी म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नगंस. न्हाईतर नगं म्हनत्याल."

आणि आता काका बाहेर येत होते. ट्रॉलीवर दोरीने बांधलेले तीन खोके, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी एकाही बोर्डाकडे पाहिलं नाही. कशाला पाहतील? ते थेट टॅक्सीच्या रांगेकडे निघाले.

"काका!" मी ओरडले. पाच-सहा काका वळले. आमचे नाही.

ते रांगेपाशी पोचत होते. मोठ्यांना नावाने हाक मारायची नसते हे मला चांगलंच ठाऊक आहे. पण मी बोर्ड डोक्यावर धरला आणि त्यावरचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, जितक्या जोरात वाचता येईल तितक्या जोरात वाचलं. मागचा टॅक्सीवाला म्हणाला, "आयला!"

काका थांबले. वळले. बोर्ड त्यांनी सावकाश वाचला, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

"हायवेनं आलीस? एकटी?"

मी मान हलवली.

"किती उंट?"

"तीन. चेंबूरला दोनच."

"चेंबूरला दोन म्हंजे लय झालं."

पार्किंगमध्ये खोके डिकीत ठेवून होईपर्यंत ते नेहमीच्या रुबाबात डाव्या दाराने आत बसलेही होते. हात पुढे गेले. पुढे काहीच नव्हतं. सवयीप्रमाणे त्यांनी कप्पा उघडला आणि शोधल्यासारखं करायला लागले. या वेळी हाताला गार पाण्याची बाटली लागली.

ती कुणा पाहुण्याची समजून त्यांनी परत कप्प्यात ठेवली. मग उतरण्यासाठी दाराकडे हात नेला.

"पाणी तुमचं आहे, काका," मी म्हटलं. "उतरू नका. आज दार बरोबर आहे. आणि पासपोर्ट हात लावून दाखवा, त्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही."