निळ्या पट्टीच्या बाटल्या

बाटलीमावशीचं तोंड आणि नळ एकदम सुरू व्हायचे, आणि दोन्हींत आधी दमायचा तो नळ. संशोधनशाळेच्या तळमजल्यावर तिनं सव्वीस वर्षं काचसामान धुतलं. वरच्या तिन्ही मजल्यांवर कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, सगळं आधी तिच्या मोरीत यायचं आणि मग साहेबांच्या कानावर जायचं. पण कामात चोख हो! साबणानंतर नळाच्या पाण्यानं दहादा विसळायचं, शुद्ध पाण्यानं तीनदा, आणि प्रत्येक खेपेच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची पट्टी. दहा म्हणजे दहा. त्या सोमवारपर्यंत तरी.

सोमवारी भांडारातला कारकून सांगत आला, की ग्रंथपालबाईंनी ठरलेलं लग्न मोडलं, तेही नवऱ्यामुलाच्या आईसमोर! आता अशी बातमी दारात उभी असताना आकडे कोण मोजतं? आपण तिसऱ्या पाण्यावर आहोत की सहाव्या, हे मावशीचं मावशीला कळेना. "झाले असतील," म्हणत तिनं निळी पट्टी चिकटवली.

दुसऱ्या मजल्यावरची डॉक्टरताई तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायची. मावशीनं तिला एकदा विचारलं होतं, "एवढुशा पेशीला एवढा माज कसला?"

"पेशीत एक एन्झाइम असतं मावशी. 'वाढा' हा निरोप पुढे पोचवायचं त्याचं काम. चांगल्या पेशीत काम झालं की त्याला गप्प बसवतात. या पेशींत ते गप्पच बसत नाही."

"अगंबाई, माझंच भावंड की!"

"त्याच्या तोंडाला कुलूप घालणारं औषध तपासतेय मी," ताई हसून म्हणाली.

गुरुवारी ती धावतच खाली आली. औषध घातलेली एकही पेशी जिवंत नव्हती. "कोणाला सांगू नका हं, अजून दोनदा करून बघायचंय."

मावशीला सांगू नको म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणं. त्यात तिचा थोरला भाऊ, दादा, शिंपी. वर्षानुवर्षं तंबाखूची गोळी ठेवून त्याच्या गालात पांढरा डाग पडला होता. तो तपासला, तर कॅन्सर निघाला. लहान होता, मंगळवारी कापून काढायचा होता. लोकांचं कापड बेधडक कापणारा हा माणूस, स्वतःच्या गालाला सुरी लागणार म्हटल्यावर जेवेनासा झाला होता. मावशी संध्याकाळी तडक त्याच्या दुकानात गेली. "दादा, औषध सापडलं! आमच्याकडेच!"

शुक्रवारी सकाळी वरून एक निळ्या पट्टीची बाटली परत आली. कोरी, न वापरलेली. काठाला टवका गेला होता म्हणून. मावशीनं सवयीनं पाणी भरून हलवली. फेस आला. साबणाला तिनं अजून हातही लावला नव्हता.

औषध मिसळायला ताईनं निळ्या पट्टीच्या बाटल्या घेतल्या होत्या आणि बिनऔषधाच्या पेशींना आधीच्या खेपेच्या पिवळ्या. मावशीनंच तर त्या ढकलगाडीवर लावून दिल्या होत्या. पेशी औषधानं मेल्याच नव्हत्या, साबणानं मेल्या होत्या.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याजवळ अशी बातमी होती जी दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती, आणि नेमकी तीच तिला सांगवेना. बाटली फोडून टाकावी, असंही मनात आलं. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"ऑपरेशन रद्द करून आलो बघ! डॉक्टर लागला ओरडायला. म्हटलं, ओरड बाबा, माझ्या बहिणीकडे औषध निघालंय."

मावशी बाटली घेऊन जिना चढली. ताईसमोर नुसती हलवून दाखवली. ताईनं ती हातात घेऊन स्वतः पुन्हा हलवली.

"कितीदा विसळलं होतंत?"

"मोजलं नाही गं. बोलत होते."

ताई एवढंच म्हणाली, "परत करू." मावशीला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या दादानं घातल्या. "काल औषध, आज साबण! उद्या काय काढशील, पोतेरं? बहीण आहेस का वैरीण?"

"वैरीण म्हण. पण चल."

त्याच संध्याकाळी तिनं त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं, तर मंगळवार दुसऱ्याला दिलेला. पुढची तारीख पाच आठवड्यांनी.

त्या पाच आठवड्यांत मावशीनं तोंड मिटून बाटल्या विसळल्या. ताईनं प्रयोग तीनदा केला. पेशी मेल्या नाहीत. वाढ मात्र निम्म्यावर आली. "हे थोडं आहे, पण खरं आहे," ताई म्हणाली. मावशीनं मान हलवली आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

दादाचा गाल आधी ठरला होता त्यापेक्षा जास्त कापावा लागला, पार ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. मावशीनं डॉक्टरांना गाठून विचारलं, "वेळेवर आला असता तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर ती रडून मोकळी झाली असती. हे उत्तर तिला ना रडू देईना, ना झोपू.

दादा दुकानात बसू लागला, पण ओठ मिटत नाहीत. दोऱ्याचं टोक ओल्या ओठांत धरून सुईत घालायचं, ते काही जमेना. म्हणून मावशी रोज काम सुटल्यावर जाते, दुसऱ्या दिवसापुरत्या वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवते. मुकाट्यानं.

परवा दादा वाकड्या तोंडानं म्हणाला, "अगं, त्या ग्रंथपालबाईंचं पुढे काय झालं?"

मावशीनं दोरा ओठांत धरला होता. तो तिनं काढला नाही.