मुदपाकखान्याचं दप्तर

नगरपालिकेच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे लेखीसाहेब म्हणत. तोंडी सांगितलेलं काम त्यांनी जन्मात केलं नाही. वरिष्ठ गोड बोलो की डोळे वटारो, यांचं उत्तर एकच, लेखी द्या. घरात या नियमाचा कस कधी लागला नव्हता, कारण घरात त्यांना कुणी काम सांगतच नसे.

मग बायको बाथरूममध्ये घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर आलं, सहा आठवडे हात गळ्यात बांधला गेला आणि स्वयंपाकघराचा ताबा लेखीसाहेबांकडे आला. बायको दारात खुर्ची टाकून बसली आणि सांगू लागली, की तेल तापलं की कांदा टाका, मीठ चवीपुरतं, पाणी अंदाजानं. लेखीसाहेबांनी गॅस बंद केला. चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं, आणि हा अंदाज कुठे नोंदवून ठेवलाय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. माझ्या हाताला ठाऊक आहे, असं बायको म्हणाली. हात तर प्लास्टरमध्ये होता.

तेव्हा त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाईल काढली. फार पूर्वीच्या एका राजाच्या स्वयंपाकघराचे, म्हणजे मुदपाकखान्याचे कागद दप्तरखान्यात धूळ खात पडले होते. ते लेखीसाहेबांनीच एकेक झटकून, क्रमानं लावून, आकडे घालून शिवून घेतले होते आणि त्यांची एक प्रत हौसेनं घरी आणली होती. त्यात पाककृती होत्या, वजनं होती आणि खाली कारभाऱ्याची सही होती. सही असलेला पदार्थ बिघडेल कसा?

पहिलं झालं मटण. मूळ कागद चारशे शिपायांचा, घरात माणसं दोन. लेखीसाहेबांनी सगळ्या जिनसांना दोनशेनं भागलं. इथवर ठीकच होतं, पण कागदावर ‘बारा तास मंद आचेवर’ असंही होतं. त्यांनी त्यालाही दोनशेनं भागलं. साडेतीन मिनिटं आली आणि वर सहा सेकंद. ते सहा सेकंदही त्यांनी सोडले नाहीत.

बायकोनं डाव्या हातानं एक तुकडा उलटापालटा करून पाहिला.

"हाक मारली तर ओ देईल हे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात राणीसाहेबांची कोंबडी. तिच्यात मिरी मूठभर होती. मूठ कुणाची, हा प्रश्न या वेळी त्यांना पडला नाही, कारण ती मूठ कागदावर होती. नवराबायको दिवेलागणीपर्यंत खिडकीशी तोंड उघडं ठेवून बसले. त्यानंतर बायकोनं दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. येत्या रविवारी खाण्याजोगं जेवण मिळालं नाही, तर ती प्लास्टर निघेपर्यंत धाकट्या बहिणीकडे जाणार. बहिणीला गाडी घेऊन जेवायलाच बोलावलं होतं. बॅगही भरून दाराशी ठेवली.

लग्न झाल्यापासून लेखीसाहेब त्या घरात एकटे कधी झोपले नव्हते. ते त्यांनी सांगितलं नाही. किती दिवस, एवढंच विचारलं. चोवीस, बायको म्हणाली. त्यांनी कॅलेंडरवर दोनदा मोजून पाहिले, चोवीसच भरले.

रविवारसाठी त्यांनी फाईलमधला सर्वांत सौम्य कागद निवडला. मैदा तीनदा कापडातून चाळावा, पाण्यात सैल कालवावा, मंद आचेवर एकाच दिशेनं ढवळत राहावं, चिमूटभर तुरटी, दोन लवंगा, ‘शुभ्र व एकजीव व्हावे’. कागदाचा माथा फाटलेला असल्यानं पदार्थाचं नाव गेलं होतं. पण आधीचं पान सूपचं, नंतरचं पान सूपचं, म्हणजे हेही सूपच. जेवणाबद्दल लेखी अभिप्राय द्यायला तटस्थ माणूस हवा, म्हणून त्यांनी दप्तरखान्यातला जुना बाइंडरही बोलावला.

आणि त्या दिवशी पदार्थ प्रथमच कागदाबरहुकूम उतरला. शुभ्र, एकजीव. लेखीसाहेबांनी वाट्या भरल्या आणि नवऱ्यामुलासारखे उभे राहिले. मेव्हणीनं चमचा उचलला. चमच्याबरोबर वाटीही वर आली.

"भावोजी," ती वाटी अधांतरी धरून म्हणाली, "ही सोडवायची कशी, तेही लिहिलंय का?"

बायकोची जीभ टाळूला चिकटली होती. बाइंडरनं मात्र चमच्याला हातच लावला नाही. त्यानं वाटीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"साहेब," तो म्हणाला, "अशी खळ जमायला माझी दहा वर्षं गेली. तुम्हाला पहिल्याच दिवशी?"

मग त्यानं वहिनींना समजावून सांगितलं, की ही पुस्तकं चिकटवायची खळ, आणि तुरटी, लवंग असते ती कसर लागू नये म्हणून. मेव्हणी हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. लेखीसाहेब आत गेले, फाईल घेऊन आले. पान उघडलं. कोपऱ्यातला आकडा त्यांच्याच हातचा होता. राजाचा आचारी निर्दोष होता, कारभाऱ्याची सहीही निर्दोष होती.

"पान मी चुकीचं लावलं," ते म्हणाले.

सगळ्या नोकरीत आणि सगळ्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनं मान वर करून पाहिलं. पण मेव्हणी डोळे पुसत उठलीच होती. चल ताई, वाटेत काहीतरी खाऊ, असं म्हणून तिनं बॅग उचलली. लेखीसाहेबांनी वाद घातला नाही. बायकोच्या चपला आणून त्यांनी तिच्या पायाशी सरळ मांडल्या आणि खालूनच म्हणाले,

"दुपारची गोळी जेवणानंतरची आहे. तू जेवली नाहीस अजून."

बायको उभी होती ती पुन्हा बसली.

"बॅग ठेव गं," ती बहिणीला म्हणाली. "अहो, तांदूळ धुऊन घ्या."

त्यांनी तांदूळ धुऊन पातेल्यात घेतले आणि सवयीनं खिशातलं पेन काढलं.

"पेन नको. बोट घाला आत. तांदळाच्या वर एक पेर पाणी."

"कुणाच्या बोटाचं?"

"तुमच्या. शिजवणार तुम्ही."

लेखीसाहेबांनी स्वतःचं बोट उजेडात धरून नीट पाहिलं. मग ते पातेल्यात घातलं आणि दुसरा हात नळाकडे नेला.

भात तळाला थोडा लागला, पण भात झाला. चौघांनी तो लोणी-मीठ घालून खाल्ला आणि मेव्हणीनं दुसऱ्यांदा घेतला. निघताना तिनं विचारलं, की मग बॅगेचं काय.

"राहू दे दाराशी," बायको गोळी गिळत म्हणाली. "रात्रीचं जेवण बघते, मग ठरवते."

घड्याळात तेव्हा अडीच वाजले होते. लेखीसाहेबांनी कांदे चिरायला घेतले.