टेकडीच्या पोटातला पाडवा

माझं घर रस्त्यावरून दिसत नाही. हाटपिपल्याच्या अलीकडे बसमधून उतरलं की उतारावर गवत दिसतं, गवतातून वर आलेले हवेचे दोन पाइप दिसतात, आणि बस्स. पाहुणा बिचारा घर शोधत घराच्याच छपरावर उभा असतो.

तीन बाजूंनी आणि वरून माती, फक्त दक्षिणेला उघडी भिंत. दार, खिडक्या सगळं तिथेच. माझी सगळी नोकरी तलावांचे बांध घालण्यात झाली, त्यामुळे मातीची भीती नव्हती. काळी माती फुगते, भेगाळते, म्हणून मुद्दाम मुरमाचा उतार शोधला. भिंतीमागे खडीची नाली काढली. पावसाळे येऊन गेले, पण आत ओल नाही. देवासमधले लोक कूलरपुढे बसून उसासे टाकतात तेव्हा मी भर दुपारी चादर ओढून झोपतो. थंडीत ऊन थेट पलंगापर्यंत येतं. एवढी फुशारकी मारल्यावर उरलेलंही सांगायला हवं: आत मोबाइल लागत नाही, पाऊस पडला तर कळत नाही आणि बाहेरून हाक मारली तर ऐकू येत नाही. हाक मारणारं फारसं कोणी नसतं, त्यामुळे ती अडचण मोठी नाही.

घर दोघांसाठी बांधलं होतं. बायको देवासच्या फ्लॅटमधून हलली नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. "पाहू पुढे" म्हणाली, आणि ते पुढे काही येईना. रोज संध्याकाळी मी छपरावर चढून तिला फोन करायचो आणि आज आत किती गार होतं ते सांगायचो. ती "हो का" म्हणायची.

या वर्षी म्हणाली, पाडव्याला येते. राहायला की नुसती पाहायला, हे विचारायचं धाडस झालं नाही. मनाने मात्र परस्पर 'राहायला' असंच धरलं.

सकाळी गुढी उभारायची होती. दारापुढे उभारली तर तिला बसमधून दिसणार कशी? म्हणून सरळ छपरावर गेलो. बांबू वीतभरच रोवता आला, कारण खाली पाणी अडवणारा थर आहे. मग आधाराला भोवती दगड रचले. वर तिचं जरीचं पातळ, कडुलिंब, गाठी, पालथा तांब्या. नमस्कार करून खाली आलो आणि झाडलोटीला लागलो.

थोड्या वेळाने वर गेलो तर गुढीपुढे नारळ फोडलेला, उदबत्त्या लावलेल्या, आणि शेजारच्या शेतातली बाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी. इथल्या हिंदी मुलखातल्या खेड्यात गुढी कोणी उभारत नाही. मातीचा उंचवटा, दगडांचं कडं, वर जरीचं वस्त्र. तिने तिच्या परीने बरोबरच ओळखलं होतं.

"बाबूजी, यां कुण महाराज की समाधि हे?"

"महाराज नहीं, बाई. नीचे मैं रहता हूँ."

ती दचकून मागे सरली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. मीही हसलो. कोणाबरोबर तरी हसून फार दिवस झाले होते. चढवलेला नारळ परत नेत नाहीत म्हणाली, अर्धा माझ्या हातावर ठेवून गेली. ती गेल्यावर वाटलं, बाई काही फार चुकीचं बोलली नाही.

दुपारच्या बसने बायको आली. गुढी लांबूनच दिसली म्हणाली. समाधीची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. घरभर फिरली, भिंतीला हात लावून पाहिला, माझ्या कपाटावरची धूळ न बोलता पुसली. जेवून अशी गाढ झोपली की मी पंखा नसलेल्या त्या खोलीत नुसता तिच्याकडे पाहत बसलो. उठल्यावर म्हणाली, "किती दिवसांनी अशी झोप लागली." मला वाटलं, जिंकलो. चहा टाकला आणि म्हटलं, "मग तुझं सामान आणायला टेम्पो सांगू?"

"घर बढिया आहे हो," ती म्हणाली. "पण आपल्यातलं कोणीतरी एक आधी जाणार. मी मागे राहिले तर इथे बोलायचं कोणाशी? देवासला निदान जिन्यात दोन माणसं मराठीत विचारतात, जेवलात का म्हणून."

"एकटं राहायला इथे काही त्रास नाही," मी म्हटलं. "मी राहतोच आहे की. सवय होते."

"खरंच होते?"

असं विचारून ती थांबली. हातातला कप तसाच धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मी "हो" म्हणालो.

संध्याकाळच्या बसने ती गेली. 'नाही होत' एवढंच म्हटलं असतं, तर ती राहिली असती, नाहीतर मला सोबत घेऊन गेली असती. मला दोन्ही चाललं असतं.